नेवसे काकांचा शेरा

सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी मी गाडी चालू केली, आरशात पाहिलं, तर मागे एक गृहस्थ उकिडवे बसलेले. मला वाटलं, चक्कर येऊन पडले. घाईघाईने उतरून मागे गेलो, तर त्यांनी डावा हात वर करून मला तिथेच थांबवलं. उजव्या हातात पांढराशुभ्र रुमाल होता आणि तो त्यांनी माझ्या गाडीच्या सायलेन्सरपुढे ताणून धरला होता.

"बंद करू नका. तीस सेकंद होऊ द्या," ते म्हणाले.

तीस सेकंद झाले. त्यांनी रुमाल उजेडाकडे धरून मला दाखवला. मधोमध पुरीएवढा काळा डाग पडला होता.

"नॉट ओके," असं म्हणून त्यांनी रुमालाची घडी घातली आणि ते निघून गेले. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, स्वतःचं सांगितलं नाही. चिखलीतल्या त्या सोसायटीत राहायला येऊन मला दोनच दिवस झाले होते, आणि पहिल्या ओळखीतच मी नापास झालो होतो.

हे नेवसे काका. चाकणच्या एका कंपनीत एकतीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. म्हणजे मशीनवरून उतरलेला नग हातात घ्यायचा, मोजायचा आणि पास की नापास ते सांगायचं. कंपनीने त्यांना निवृत्त केलं, पण त्यांनी इन्स्पेक्शनला निवृत्त केलं नाही. भाजीवाल्याच्या गाडीवर ते वांगं उचलायचे, फिरवून बघायचे आणि "हा नग बाजूला ठेवा" म्हणायचे. भाजीवाला मुकाट्याने बाजूला ठेवायचा. ते गेले की तेच वांगं तो मला द्यायचा.

सोसायटीच्या गणपतीत एकवीस मोदकांचा नैवेद्य होता. काकांनी आरतीच्या आधी ताटाला एक प्रदक्षिणा घातली आणि चार मोदक बाहेर काढले. "कळ्या फुटल्यात. रीवर्क." मोदक करणाऱ्या बाईंनी त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलणं टाकलं, पण ते चार मोदक मात्र पुन्हा वळून आणले. मुलीला पाहायला आलेल्या मुलाला त्यांनी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बोलावलं होतं म्हणे. "एका नगावरून लॉट पास करत नाहीत," असं मुलाच्या वडिलांना तोंडावर सांगितलं. लग्न झालं, जावई चांगला निघाला, मुलगी बंगळुरूला सुखात आहे. पण जावई अजूनही सासऱ्यांसमोर ताठ बसतो.

आणि त्यांचा 'का'. कंपन्यांमध्ये एक रीत आहे. काही बिघडलं की पाच वेळा 'का' विचारायचं, म्हणजे मूळ कारण सापडतं. काकांनी ही रीत घरी आणली होती. वॉचमन झोपला का? रात्री जागला म्हणून. रात्री का जागला? दुसरीकडे डबल ड्यूटी केली. डबल ड्यूटी का? असं करत करत ते एकदा वॉचमनच्या मेव्हण्याच्या लग्नापर्यंत पोचले होते. लोक त्यांना पाहिलं की लिफ्ट सोडून जिना घ्यायचे. मीही घेतलाय.

माझं आणि त्यांचं जमायचं काही कारण नव्हतं. मी चाकणलाच दुसऱ्या एका कंपनीत डिस्पॅचला आहे. क्वालिटी आणि डिस्पॅच ही सासू-सुनेची जोडी. त्यांचं काम माल अडवायचा, आमचं काम माल काढायचा. महिनाअखेरीला गाडी दारात उभी असते, नग थोडा कमी-जास्त असतो, तेव्हा आम्ही एक कागद करतो. त्याला डेव्हिएशन म्हणतात. माल जसा हवा तसा नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण वरच्याची सही झाली की तो जातो. पुढच्या लॉटला दुरुस्त करू, असं त्या कागदावर लिहिलेलं असतं. अठरा वर्षं मी असे कागद करत आलोय. कागद बरोबर झाला की माल बरोबर झाला, अशी माणसाच्या मनाला हळूहळू सवय लागते. ही सवय मला कुठे घेऊन जाईल ते तेव्हा कळलं असतं तर बरं झालं असतं.

रुमालाचं कारण मला आठवड्याभरात समजलं. काकांचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर, आणि त्यांच्या पुढच्या खोलीची खिडकी बरोबर आमच्या पार्किंगच्या वर. त्या खोलीत मंगलकाकू असायच्या. काकू चाकणजवळच्या खेड्यातल्या. तरुणपणी वीस माणसांचा स्वयंपाक चुलीवर केलेला, त्या धुराने छाती धरली ती कायमची. चार पावलं चाललं की धाप लागायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, धूर आणि धूळ टाळा, बाकी औषध देतोच आहोत. म्हणून काकांनी ती खिडकी बंद केली. बंद म्हणजे नुसती लावून घेतली नाही, फटींना टेपही चिकटवली.

पण काकू बोलक्या. गावाकडे त्यांचं सगळं आयुष्य ओट्यावर गेलेलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारल्याशिवाय त्यांचा दिवस जायचा नाही. खिडकी बंद झाल्यावर दोन हिवाळे त्या काचेआडून लोकांची तोंडं हलताना बघत होत्या. काकांनी मग ठरवलं की खिडकी उघडायची, पण नीट तपासून. त्यांनी पार्किंगमध्ये उदबत्ती लावून धूर कुठल्या बाजूला जातो ते दहा-पंधरा दिवस पाहिलं. खिडकीकडे धूर जाणाऱ्या जागा चार निघाल्या. मग त्या चारही गाड्यांची रोज रुमालाने तपासणी सुरू झाली. प्रत्येक गाडीला वेगळा रुमाल, कोपऱ्यात पार्किंगचा नंबर. तीन गाड्या पास झाल्या. चौथी माझी. दहा वर्षांची, दुसऱ्याकडून घेतलेली डिझेल. मी राहायला आलो आणि उघडायला आलेली खिडकी पुन्हा बंदच राहिली.

हे मला काकांनी स्वतः सांगितलं, अगदी शांतपणे, तक्रार न करता. मी "बघतो, करून घेतो" म्हणालो. चार महिने म्हणत राहिलो. माझी गाडी लांब, गेटबाहेर लावता आली असती, हे माझ्या मनात तेव्हा एकदाही आलं नाही. जागा माझ्या नावावर होती ना!

नोव्हेंबरात माझ्या गाडीचं पीयूसी संपलं. काका म्हणाले, मी येतो बरोबर. रस्त्याच्या कडेला पीयूसीची व्हॅन असते, तिथे गेलो. व्हॅनमधला माणूस खाली उतरायलाही तयार नव्हता.

"पुढं घ्या गाडी. नंबरप्लेटचा फोटो काढतो, दोन मिनिटांत कागद."

"नळी कुठाय?" काकांनी विचारलं.

"आहे की नळी."

"मग घाला."

"काका, कशाला उगाच..."

"नळी आहे, सायलेन्सर आहे. घाला."

त्याने नाइलाजाने नळी घातली आणि मला गाडी जोरात रेस करायला सांगितली. मी पाय दाबला. मागून असा काळा लोट निघाला की शेजारचा वडापाववाला कढईवर झाकण टाकून आमच्या नावाने ओरडायला लागला. पडद्यावर आकडा आला. मर्यादेच्या दुपटीला चारच कमी. गाडी नापास.

"पास होण्यासाठी भांडणारी माणसं रोज बघतो," व्हॅनवाला म्हणाला, "नापास होण्यासाठी भांडणारा पहिलाच."

काका मात्र खूश होते. "आता खरं कळलं. आता दुरुस्त होईल," ते म्हणाले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. आकडा खराब आल्याचा आनंद झालेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

गॅरेज बालाजीचं. हा लातूरकडचा, चिखलीत पत्र्याच्या शेडमध्ये एकटा काम करतो, हात चांगला आहे. पुढचे तीन रविवार आम्ही तिथे काढले. काका घरून थर्मासमध्ये चहा आणायचे, तीन कप आणायचे, आणि बालाजीने बॉनेट उघडलं की त्यांचा 'का' सुरू व्हायचा.

"धूर का येतोय?"

"इंजेक्टर खराब झालाय, काका. डिझेल नीट फवारना गेलंय."

"इंजेक्टर का खराब झाला?"

"घाण गेली त्यात."

"घाण का गेली?"

"फिल्टर चोक हाय की. बदललंच न्हाई."

"का बदललं नाही?"

बालाजीने पान्हा माझ्याकडे रोखला. "ते ह्यांला इचारा."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, वेळ मिळाला नाही.

"वेळ हे कारण रजिस्टरमध्ये चालत नाही, जाधवराव," काका म्हणाले. "पण असू द्या. शेवटचा 'का' माणसापाशीच येतो. मशीनचा काही दोष नसतो."

पहिल्या रविवारी फिल्टर बदलले. दुसऱ्या रविवारी बालाजीने इंजिनाच्या एका व्हॉल्व्हमधून मूठभर काजळी खरवडून काढली. दोन्ही वेळा आम्ही पुन्हा व्हॅनपाशी गेलो, पुन्हा नळी, पुन्हा नापास. आकडा उतरत होता, पण मर्यादेखाली येत नव्हता. व्हॅनवाला आता आम्हाला लांबून ओळखायला लागला होता. वडापाववाला आम्हाला पाहिलं की आधीच झाकण टाकायचा.

त्या रविवारांत काका बोलायचे, आणि बोलायचे ते बहुतेक काकूंबद्दल. काकूंना पावलांवरून माणूस ओळखता येतो. जिन्यात कोण चढतंय ते त्या खोलीत बसून सांगतात. "पण आता जिन्यात फार कोणी चढत नाही आमच्याकडे," ते म्हणाले. "माझ्यामुळे. मी लोकांचे नग काढतो ना. तिला शिक्षा माझ्यामुळे झालीय." हे त्यांनी कपातला चहा हलवत सांगितलं आणि लगेच बालाजीला विचारलं की हा बोल्ट पुरता आवळलायस का.

मला तेव्हा ते ऐकून वाईट वाटलं होतं. नुसतं वाईट वाटून काही होत नसतं, एवढंच.

तिसऱ्या रविवारी बालाजी म्हणाला, "इंजेक्टर काढून सर्व्हिसिंगला धाडावं लागतंय. गाडी पाच दिवस हितंच ऱ्हाईल." आणि तो नेमका महिनाअखेरीचा आठवडा होता. माझी पहिली शिफ्ट, सकाळी सातला गेटवर. कंपनीची बस आमच्या बाजूला येत नाही. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात करू. काका थर्मासचं झाकण लावत बसले.

दुसऱ्या दिवशी कंपनीत एका ड्रायव्हरने मला वाट दाखवली. चाकणच्या रस्त्यावर एकजण आहे, तो नळी दुसऱ्याच गाडीत घालतो आणि फोटो तुमच्या नंबरप्लेटचा काढतो. मी जेवणाच्या सुट्टीत गेलो. दहा मिनिटांत काम झालं. तिथून परत येताना माझ्या मनात कुठलाही मोठा विचार नव्हता. मी स्वतःला एवढंच सांगितलं की हे डेव्हिएशन आहे. आत्ता कागद करून ठेवू, पोलिसाची भीती नको, आणि महिनाअखेर उलटली की इंजेक्टर करून घेऊ. अठरा वर्षं याच पद्धतीने माल काढला होता.

काकांना सांगायचं नव्हतं मला. पण संध्याकाळी ते पार्किंगमध्येच भेटले आणि गाडीच्या काचेवर डकवलेला नवा कागद त्यांना दिसला.

"झालं?" ते म्हणाले.

मी "हो" म्हणालो. एवढं एकच अक्षर. नंतर मी त्याची फार किंमत मोजली.

त्यांनी चष्मा पुसला आणि कागद वरपासून खालपर्यंत वाचला. आकडा वाचताना ओठ हलत होते. मला वाटलं, आता खिशातून रुमाल निघणार आणि माझी लबाडी इथल्या इथे उघडी पडणार. खरं सांगतो, निघाला असता तर बरं झालं असतं. मी स्वतःच म्हणालो, "चालू करू का? बघताय?"

"नको," काका म्हणाले. "जो सप्लायर मन लावून काम करतो ना जाधवराव, त्याचा माल कंपनी गेटवर तपासत नाही. थेट लाइनला घेते. सेल्फ-सर्टिफाइड म्हणतात त्याला. एकतीस वर्षांत मी फक्त दोन सप्लायरांना तो दर्जा दिला. तीन रविवार तुम्ही माझ्याबरोबर पत्र्याच्या शेडमध्ये बसलात. आता तुमची गाडी मी तपासली तर तो तुमचा अपमान होईल."

आणि ते वर गेले. थोड्या वेळाने टेप ओढून काढल्याचा चर्र आवाज आला. मग खिडकी कुरकुरत उघडली.

"अगं बया," वरून काकूंचा आवाज आला, "केवढा वारा ह्यो!"

ती खिडकी बारा दिवस उघडी होती. त्या बारा दिवसांत काकूंनी सोसायटीतल्या सगळ्यांची खबर घेतली. भाजीवाल्याशी वरूनच घासाघीस केली. ज्या मोदकवाल्या बाईंनी काकांशी बोलणं टाकलं होतं, त्या खिडकीखाली उभ्या राहून अर्धा तास बोलायला लागल्या. काका मागे उभे असायचे, न बोलता. वांग्याचा नगही तेवढ्यापुरता मुकाट पास करायचे.

सकाळी मी खाली आलो की काकू खिडकीत असायच्याच. "अवं जाधवभाऊ, डबा घेतला का न्हाई? काल इसरला व्हता." मला त्यांच्याकडे मान वर करून बघवायचं नाही. पहिले तीन दिवस मी गाडी चालू न करता ढकलत गेटपर्यंत नेली. वॉचमनला वाटलं बॅटरी गेली, तोही धक्का द्यायला आला. काकूंनी वरून विचारलं, "पास झालेली गाडी ढकलताय व्हय?" आणि खळखळून हसल्या, आणि हसता हसता खोकल्या. चौथ्या दिवशी मला उशीर झाला. मी गाडी तिथेच चालू केली, पटकन काढली आणि स्वतःला सांगितलं की काही सेकंदांचाच तर प्रश्न आहे. पाचव्या दिवशी ते सांगायचीही गरज पडली नाही. मधे एक रविवार आला. बालाजीकडे जायचं होतं, पण बायकोच्या माहेरी बारसं निघालं.

बाराव्या दिवशी थंडी होती. गाडी चालू होईना. मी चावी फिरवत राहिलो, तीनदा, चारदा, आणि मग एकदम इंजिन धरलं. पार्किंगभर काळा धूर झाला. आरशात मागचं काही दिसत नव्हतं. मी खिडकी खाली केली नाही, वर बघितलं नाही. सातचं गेट होतं. निघून गेलो.

दुपारी बायकोचा फोन आला की मंगलकाकूंना दवाखान्यात नेलंय, ऑक्सिजन लावलाय.

संध्याकाळी कंपनीतून तसाच तिकडे गेलो. काका बाकावर बसले होते. पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. ज्या माणसाने जन्मभर दोन नगांतला केसाएवढा फरक ओळखला, त्याच्या पायात एक काळी आणि एक तपकिरी चप्पल. मी काही बोलायच्या आत त्यांनीच माझा हात धरला.

"जाधवराव, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," ते म्हणाले. "लोक काहीही बोलतात. सकाळी धूर झाला, तुमच्या गाडीचा होता, असं दोघा-तिघांनी सांगितलं मला. मी त्यांना म्हटलं, शक्य नाही. जाधवांची गाडी पास आहे. कागद मी स्वतः वाचलाय. समोर बांधकाम चालू आहे, त्याची धूळ असणार. खिडकी मी उघडली, चूक असेल तर माझी आहे."

तिथे मी सांगायला हवं होतं. सगळं तोंडात आलं होतं. पण त्यांनी माझा हात धरला होता, आणि त्यांना त्या क्षणी धरायला दुसरं कोणी नव्हतं. मुलगी बंगळुरूहून निघाली होती, पोचायची होती. निदान मी स्वतःला हे कारण दिलं. खरं कारण भीती होती.

काकू वाचल्या. आठ दिवसांनी घरी आल्या, पण ऑक्सिजनचं मशीन घेऊन. नाकाला नळी, खोलीत मशीनची घरघर. खिडकी बंद, नवी टेप. मुलगी दोन आठवडे राहिली आणि गेली. जाताना तिने मला सांगितलं की आई आता बाहेर येऊ शकणार नाही, अधूनमधून बघत जा. मी 'हो' म्हणालो.

मी गाडी बालाजीकडे नेऊन टाकली आणि पाच दिवस दोन बस बदलत चाकणला गेलो. तेव्हा कळलं की जमत होतं, फक्त एक तास आधी उठावं लागत होतं. इंजेक्टर होऊन आले. मी एकटाच त्या व्हॅनपाशी गेलो. वडापाववाल्याने झाकण टाकलं. व्हॅनवाल्याला मी नळी घालायला सांगितलं, पाय दाबला. मागून जेमतेम राखाडी रेघ निघाली. गाडी पास झाली, आणि मला आनंद झाला नाही.

त्या संध्याकाळी दोन्ही कागद घेऊन मी वर गेलो. काकांनी दार उघडलं. मी उभ्या उभ्याच दोन्ही कागद त्यांच्या हातात दिले आणि सांगून टाकलं. कुठे गेलो, नळी कोणाच्या गाडीत घातली, बाराव्या दिवशी काय झालं, दवाखान्यात का बोललो नाही, सगळं.

काकांनी दोन्ही कागद वाचले. आधी खोटा, मग खरा. तारखा पाहिल्या. ते ओरडले असते तर मी ऐकून घेतलं असतं. पाच वेळा 'का' विचारलं असतं तर पाचही उत्तरं दिली असती. त्यांनी एकदाही विचारलं नाही.

"रुमाल खिशात होता माझ्या," शेवटी ते म्हणाले. "त्या दिवशी."

आतून काकूंनी हाक मारली. "कोन आलंय? जाधवभाऊ न्हवं? पाय वळखले मी. आत धाडा की त्यानला."

मी काकांकडे पाहिलं. ते बाजूला झाले. मी आत गेलो. काकू उशीला टेकून बसल्या होत्या. मशीन घरघरत होतं. त्यांना बोलायला दम लागत होता, तरी बोलत होत्या.

"बसा. गाडी बरी हाय का?"

"बरी आहे."

"तुमी गाडी पास करून आणली म्हून मला बारा दिस मिळाले बगा," त्या म्हणाल्या. थांबल्या, श्वास घेतला. "माज्यासाठी कोन येवढं करतंय? ह्ये करत्यात, पर ह्येंचं निराळं. भायेरच्या मानसानं कोनी केलं न्हाई." आणि त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. हात अगदी हलका होता.

मला तिथे बसवेना. चहा नको म्हणून उठलो. काका दारापर्यंत आले आणि माझ्यामागून बाहेर आले. त्यांनी दार नुसतं लोटून घेतलं. खोटा कागद त्यांच्याच हातात होता.

"हिला सांगू नका," ते हळू आवाजात म्हणाले.

"काका, मला सांगायचंय. त्या माझे आभार मानतायत."

"मानू द्या. आता खिडकी काही उघडायची नाही, हे तिलाही माहीत आहे. ती दिवसभर त्या बारा दिवसांचंच बोलते. भाजीवाला काय म्हणाला, कोण कुठली साडी नेसलं होतं. आणि कुणीतरी परक्याने तिच्यासाठी केलं, असं बोलते. तेवढंच आहे तिच्याकडे. ते मी नापास करणार नाही." त्यांनी कागदाची घडी घातली, अगदी चारही कोपरे जुळवून, आणि स्वतःच्या खिशात ठेवली. खरा कागद मला परत दिला. "येत जा मात्र. पावलं ओळखते ती तुमची."

मी मान हलवली. त्यांनी आत जाऊन दार लावलं. मी दोन पायऱ्या उतरलो, आणि मशीनच्या घरघरीतून काकूंचा आवाज ऐकू आला.

"रडवेलं झालं व्हतं वो त्यांचं त्वांड. कोनी बोललं काय त्यानला गाडीवरनं? पास व्हती न्हवं त्यांची गाडी?"

कंपनीने सरळ केलेली भाषा बाजूला ठेवून, तिच्याशी बोलायची ती गावाकडची बोली काढून, काका म्हणाले:

"व्हय गं. पास व्हती. म्या सोता तपासली व्हती."

माझ्या माहितीत नेवसे काकांनी आयुष्यात दिलेला तो एकच खोटा शेरा, आणि तो त्यांना माझ्यामुळे द्यावा लागला.